लोकरीत अडकलेला वारा

गाडीत चालकाच्या शेजारी बसलात की तुमचे गुडघे जिथे येतात, त्याच्या जरा वर, सामानाच्या छोट्या कप्प्यामागे एक अंधारी पोकळी असते. तिथून मी बोलतोय. मी हीटरचा पंखा. गाडी घेताना लोक रंग बघतात, चाकांना लाथ मारून बघतात, दारं आपटून बघतात. माझं तोंड बघायला कुणी वाकत नाही. तरी थंडीत किल्ली फिरवली की पहिला हात माझ्याच बटणाकडे येतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ऊब मी तयार करत नाही. ऊब इंजिनाची. त्याचं गरम पाणी माझ्या पुढ्यातल्या बारीक नळ्यांतून फिरतं आणि मी त्या नळ्यांवरून वारा सोडतो. माझं काम एवढंच, पोचवण्याचं. पण इंजिनापाशीच राहिलेली ऊब कुणाच्या काय कामाची? माझा सगळा अभिमान या एका प्रश्नावर उभा आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. मधे मोटर, तिच्या दांड्यावर काळं प्लॅस्टिकचं पिंप, आणि पिंपाच्या कडेने फणीच्या दातांसारखी उभी पाती. पहिल्यांदा वीज दिली तेव्हा मी थरथर कापत फिरलो. तपासणीला बसलेल्या बाईंनी मला थांबवलं, कान लावून पुन्हा फिरवलं, आणि एका पात्यावर नखाएवढा लोखंडी चिमटा बसवला. थरथर गेली. "आता गप फिर," त्या म्हणाल्या. या जगात मला ऐकू आलेले हे पहिले शब्द. मी पुष्कळ वर्षं ते पाळले.

माझा पहिला मालक साबणाचा फिरता विक्रेता होता. दुकानात जाऊन काय बोलायचं, त्याची तो गाडीत एकट्यानेच उजळणी करायचा. "मालक, एकदा वास तर घ्या," असं तो मला दिवसातून कितीदा तरी सांगे. माणसांची भाषा मी त्याच्याकडून शिकलो. म्हणून अधूनमधून माझ्या बोलण्याला जरा फेस येतो, तो सांभाळून घ्या.

त्याने गाडी विकली आणि मी डॉक्टरबाईंकडे आलो.

डॉक्टरबाई जनावरांच्या. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा सरकारी दवाखाना, आणि वर, घाटरस्ता संपतो तिथे, मेंढपाळांच्या वस्त्या. हिवाळ्यात वर जायला कुणी फारसं राजी नसे. आधीच्या डॉक्टरांनी दवाखान्याबाहेर पाटीच लावली होती म्हणे, की जनावर खाली आणावं. डॉक्टरबाईंनी पहिल्याच आठवड्यात ती पाटी उतरवली आणि तिच्यावर मांजराला दूध द्यायला लागल्या. "अडलेली मेंढी चालत खाली येणार आहे का?" एवढंच त्या म्हणाल्या. ही गाडी त्यांनी घेतली ती मागे भरपूर जागा होती म्हणून. बाकी तिच्यात घेण्यासारखं काही नव्हतं, हे त्यांचे यजमान आजही ऐकवतात.

यजमान शाळेत भूगोल शिकवतात. घरीदारी सगळे त्यांना मास्तर म्हणतात, डॉक्टरबाईसुद्धा. जगातल्या सगळ्या वाऱ्यांची नावं त्यांना तोंडपाठ, आणि घरातल्या प्रत्येक यंत्राबद्दल एक ठाम मत. घरातलं तिसरं माणूस म्हणजे सासूबाई, मास्तरांच्या आई. बाजाराला जाताना त्या माझ्यासमोरच्या सीटवर बसत आणि पाय माझ्या झोतात धरून म्हणत, "हा मुलगा मला आवडतो. उलट उत्तर देत नाही."

त्या घरात मी खऱ्या अर्थाने कामाला लागलो. कडाक्याच्या थंडीत कोकरं जन्मतात. एखादं अशक्त असतं, एखाद्याला आई जवळ घेत नाही. डॉक्टरबाई ते टॉवेलात गुंडाळून खाली दवाखान्यात आणत, आणि आणताना ठेवत कुठे, तर सीटच्या पुढे, पायाशी, थेट माझ्या झोताखाली. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून त्या आतली हवा आतच फिरवायचं बटण दाबून ठेवत. ते बटण दाबलं की मी बाहेरची हवा घेत नाही. सीटच्या पायाशी एक झडप उघडते आणि मी तिथलीच हवा ओढून पुन्हा गरम करून देतो.

आता विचार करा. तिथे असायचं कोकरू. माझा श्वास कोकराच्या अंगावरून यायचा. त्याच्याबरोबर गळलेली लोकर यायची, टॉवेलाचे धागे यायचे, गवताच्या काड्या यायच्या. वाटेत एक गाळणी होती, तिने बरीच वर्षं सगळं अडवलं. मग एके दिवशी मास्तर नाक मुरडत म्हणाले, "गाडीला गोठ्याचा वास येतोय," आणि त्यांनी ती गाळणी काढून फेकून दिली. नवीन बसवायची राहिली. गाळणी नसल्यामुळे मी सुरुवातीला जोरात वाहू लागलो. मास्तर खूश. "बघ, उगाच एक अडसर ठेवला होता कंपनीने."

हळूहळू लोकर माझ्या पात्यांत शिरली. आधी मी शिट्टी वाजवायला लागलो. मग घरघर. माझा वारा कमी झाला आणि त्याचा पहिला फटका माझ्या शेजाऱ्याला बसला. वाऱ्याच्या वाटेत तारेच्या वेटोळ्यांचा एक छोटा तुकडा बसवलेला असतो, त्याला रेझिस्टर म्हणतात. तो वीज जरा अडवून धरतो म्हणून मी एक, दोन, तीन अशा हळू गतींनी फिरू शकतो. त्या कामात तो तापतो, आणि माझ्याच वाऱ्याने गार होतो. माझा वारा आटला तसा तो तापत गेला आणि एका दुपारी जळला. त्या दिवसापासून मला एकच गती उरली, चौथी. पूर्ण जोर, नाहीतर शांतता.

सासूबाईंनी त्यावर उपाय शोधला. मी अडखळलो की त्या मुठीने डॅशबोर्डखाली एक बुक्की घालत. बुक्कीने लोकरीचा गोळा जरासा सरके आणि मी सुटे. "हात हलका असून चालत नाही," त्या सुनेला शिकवत. बुक्की घरातली रीतच झाली. किल्ली, पट्टा, बुक्की, मग गाडी मागे घ्यायची. आपल्या मायेनेच आपण याचा गळा आवळतोय, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आणि मग त्या हिवाळ्यात बुक्कीही लागू पडेना. मी थांबलो. मास्तरांनी फ्यूज बदलला, तो उडाला. दुसरा घातला, तोही उडाला.

पंखा बंद म्हणजे थोडी थंडी वाजेल, बस, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. श्वासाची वाफ समोरच्या काचेवर धरते आणि तिथेच गोठते. बाहेरचा वायपर तिला काय करणार, ती तर आतून. डॉक्टरबाई एका हाताने काच पुसत घाट उतरल्या तेव्हा एका वळणावर चाक रस्त्याच्या कडेबाहेर गेलं. गाडी कशीबशी आत आली. घरी आल्यावर त्या याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, पण चाकात अडकलेलं झुडूप मास्तरांनी पाहिलं आणि गाडीची किल्ली आपल्या खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं चालू असताना फोन वाजला. वरच्या वस्तीतल्या मावशींचा. मावशी एकट्या राहतात. आदल्या वर्षी रोग आला आणि त्यांचा कळप गेला, उरली ती एक मेंढी. ती गाभण राहिली तेव्हापासून मावशी दर आठवड्याला फोन करून तिची ख्यालीखुशाली कळवत, लेक माहेरी आल्यासारखी.

"डॉक्टरबाई, अडली आहे हो," मावशी म्हणाल्या. "एक पाय दिसतोय. डोकं काही येत नाही."

"ओढू नका. कुणी कितीही शहाणपणा सांगितला तरी ओढू नका."

"सांगायला इथे आहे कोण? मी आणि ती."

"मी निघते."

डॉक्टरबाईंनी हात धुतले आणि मास्तरांपुढे तळवा पसरला. मास्तरांनी खिशावर हात ठेवला.

"दवाखान्याची जीप?"

"पलीकडच्या खोऱ्यात गेलीय, लसी घेऊन. उद्या येईल."

"मग उद्या जा. संध्याकाळी घाट गोठतो, तुला माहितेय. आणि काचेतून दिसणार काय? पंख्याचा जीव गेलाय. नवीन मोटर मागवलीय मी, चार दिवसांत येईल."

"चार दिवसांत मेंढी राहील का?"

"अगं, पण मेलेल्याला मी काय करू?"

डॉक्टरबाईंनी बूट चढवले. "मेल्याचा दाखला मी लिहिते, मास्तर. आणि तपासल्याशिवाय मी कोंबडीचाही लिहीत नाही."

माझ्या पोकळीच्या खाली, पाय ठेवायच्या जागेत, त्या उताण्या झोपल्या. कपाळाला बॅटरी बांधलेली. माझ्या आयुष्यात माझ्याकडे तोंड करून झोपलेलं ते पहिलं माणूस. पण त्यांनी लगेच हत्यार लावलं नाही. जनावर बघताना त्यांची जी पद्धत, तीच इथे. आधी विचारपूस, मग नाडी, मग कापाकापी.

"आई, याचं दुखणं कधीपासूनचं? क्रमाने सांगा."

सासूबाई दारात शाल गुंडाळून उभ्या होत्या. "आधी शिट्टी घालायचा. मग घोरायला लागला. मग हळू आवाजात बोलेचना, मोठ्यानेच बोलायचा. अगदी आपल्या ह्याच्यासारखं."

"आई," मास्तर म्हणाले.

"आणि मी बुक्की मारली की चालायचा."

डॉक्टरबाईंनी मान वळवली. "बुक्की मारली की चालायचा. म्हणजे तेव्हा मोटर जिवंत होती. मेलेलं बुक्कीने उठत नाही. काहीतरी सैल असेल, नाहीतर काहीतरी अडकलं असेल."

"फ्यूज सारखा उडतोय म्हणून मी जरा मोठा फ्यूज आणून ठेवलाय," मास्तर खिसा चाचपत म्हणाले.

"ताप चढला म्हणून तुम्ही मोठा थर्मामीटर आणणार का?"

मास्तरांनी तो मोठा फ्यूज पुन्हा खिशात ढकलला. मी त्या अंधारात सुटकेचा निःश्वास टाकला असता, पण वारा कुठून आणणार. मोठा फ्यूज घातला असता तर मी अडकलेलाच राहिलो असतो, वीज येतच राहिली असती आणि तारा पेटल्या असत्या.

डॉक्टरबाईंनी माझ्या वायरींचं टोक माझ्यापासून सोडवलं. मग योग्य मापाचा नवा फ्यूज घालायला लावला. "आता बटण चारवर करा." त्या मोकळ्या टोकाच्या दोन्ही पिनांना त्यांनी छोटा दिवा जोडला. दिवा लख्ख लागला आणि फ्यूजही टिकला.

"म्हणजे अन्न तोंडापर्यंत येतंय," त्या म्हणाल्या. "येण्याची वाट ठीक, परतीची वाट ठीक. रोगी गिळत नाहीये." त्यांनी बोट आत घालून मला फिरवायचा प्रयत्न केला. मी केसभरही हललो नाही. त्यांच्या बोटाला काहीतरी मऊ लागलं. त्या थांबल्या.

"मास्तर, स्क्रू ड्रायव्हर."

मला धरून ठेवणारे स्क्रू त्यांनी सोडवले आणि मला खाली घेतलं. जन्मानंतर पहिल्यांदा मी उजेड पाहिला. थंडीतलं ऊन होतं, आणि माझ्यावर तीन डोकी वाकलेली होती.

माझी पाती दिसतच नव्हती. पात्यांच्या जागी लोकरीचं घट्ट दाबलेलं नमद्यासारखं कडं होतं. डॉक्टरबाईंनी चिमट्याने एक पदर सोलला. तो पांढरा होता. त्याखाली तपकिरी. त्याखाली काळा.

"हे पांढरं म्हणजे ते पाय वाकडे असलेलं," त्या हळूच म्हणाल्या. "तपकिरी ती जुळी, आईने टाकलेली. आणि हा काळा..."

"तो काळा माझ्या पदराला लुचत होता," सासूबाई म्हणाल्या. "आता शिंगं आलीत त्याला. परवा फाटकाला धडक देत होता."

मास्तर खाली बसले. त्यांनी सोललेला पदर उचलून हातात घेतला. "गाळणी मीच काढली होती," ते म्हणाले. "वास येतो म्हणून."

"हो. आणि आतली हवा आत फिरवायचं बटण मी दाबून ठेवत होते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याने काचही जास्तच धुरकटते, हे मला सुचायला हवं होतं. चला, रडगाणं नंतर. ती कात्री द्या, टाके काढायची."

मेंढ्यांची लोकर कातरतात तसं त्यांनी मला कातरलं. एकेक पातं मोकळं झालं. मास्तरांनी जुन्या दाढीच्या ब्रशने दांडा झाडला. शेवटची काडी निघाली आणि सासूबाईंनी बोटाने मला एक टिचकी मारली. मी फिरलो. विजेशिवाय, नुसत्या टिचकीने, कितीतरी वेळ भिरभिरत राहिलो. त्या तिघांच्या चेहऱ्यांवर जे पसरलं ते पाहायला मिळावं म्हणून मी पुन्हा एकदा अडकायला तयार आहे.

गाळणी नव्हती. मग डॉक्टरबाईंनी झडपेच्या तोंडावर जखमेला बांधतात ती जाळीची पट्टी ताणून चिकटवली आणि बटण बाहेरच्या हवेवर केलं. मला जागेवर चढवलं. किल्ली फिरली. रेझिस्टर जळलेलाच होता, त्यामुळे एक, दोन, तीनवर शांतता. चारवर मी गर्जना केली. काचेवरचं धुकं खालच्या कडेपासून वर वर सरकत गेलं, आणि समोर आख्खा डोंगर उभा राहिला.

मास्तर शेजारच्या सीटवर बसले आणि त्यांनी पट्टा लावला.

"तुम्ही कुठे?"

"बटण चारवर धरायला," ते म्हणाले.

घाट आम्ही उजेडात चढलो. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी असा वाहिलो नव्हतो. बाहेर फांद्यांवर बर्फ, रस्त्याच्या कडेला बर्फ, आणि काच मात्र धुतलेल्या ताटासारखी. काल चाक गेलं होतं ते वळण आलं तेव्हा डॉक्टरबाईंना रस्त्याची कड, तिच्यापलीकडची दरी आणि पुढचं वळणसुद्धा दिसत होतं. त्या तिथून सरळ, निवांत गेल्या.

मावशींनी गोठ्याचं दार उघडं धरलं होतं. "आलात," त्या म्हणाल्या. डॉक्टरबाई बाह्या सारून आत गेल्या. मास्तरांनी इंजिन चालू ठेवलं आणि मी रिकाम्या गाडीत वाहत राहिलो. गोठ्यातलं मला काही दिसत नव्हतं. फक्त मेंढीचं कण्हणं, आणि डॉक्टरबाईंचा आवाज, "जरा थांब गं बाई, डोकं वळवू दे."

मग एक बारीक, चिरका आवाज आला. एक कोकरू जन्मलं होतं. मावशी हसल्याचं ऐकू आलं. त्यानंतर बराच वेळ काहीच नाही.

एकदम गाडीचं दार उघडलं. मास्तरांच्या हातात ओला टॉवेल होता आणि टॉवेलात दुसरं जुळं, मान टाकलेलं, चिंध्यांच्या बाहुलीसारखं. मागोमाग डॉक्टरबाई. त्यांनी त्याच्या तोंडात बोट घातलं. "तोंड गार पडलंय. चोखत नाहीये. खाली ठेवा, झोताखाली." मावशी उघड्या दारापाशी उभ्या राहिल्या, दोन्ही हात तोंडावर.

आता सगळं माझ्यावर होतं. मला हळू वाहता येत नव्हतं, आणि हळू वाहण्याची ती वेळही नव्हती. इंजिनाने जेवढी ऊब दिली तेवढी मी उचलली आणि खाली ओतली. त्याचं अंग सुकायला लागलं. चिकटलेली लोकर एकेक केस करून उभी राहिली. डॉक्टरबाई त्याच्या छातीवरून टॉवेल चोळत होत्या. मास्तरांचा हात बटणावर होता, चारवर, जणू सोडला तर मी पुन्हा थांबेन.

"जातंय का हो?" मावशींनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी पुन्हा त्याच्या तोंडात बोट घातलं. तशाच थांबल्या. मग सावकाश मास्तरांकडे वळल्या. "इकडे द्या बोट. तुमचं."

मास्तरांनी बोट घातलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "हे ओढतंय," ते म्हणाले. "अगं, हे माझं बोट ओढतंय."

मावशींनी कोकरू पदरात घेतलं तेव्हा त्याने त्यांच्या हनुवटीवर शिंक दिली.

ती दोन्ही कोकरं जगली. आई जगली. मावशींच्या गोठ्यात आता पुन्हा कळप म्हणावा असं काही उभं राहतंय. नवीन मोटर आली ती मास्तरांनी परत पाठवली आणि त्याऐवजी एक रेझिस्टर आणि एक गाळणी आणली. गाळणी दर हिवाळ्याच्या सुरुवातीला ते स्वतः बदलतात, वासाची तक्रार न करता. मला पुन्हा चार गती आहेत. कोकरं अजूनही माझ्यापुढेच ठेवतात, फक्त श्वास आता मी बाहेरचा घेतो.

तुमच्या घरात, गाडीत, कामाच्या जागी माझ्यासारखं कुणी असेल, जे वर्षानुवर्षं न दिसता पोचवण्याचं काम करतंय. ते एके दिवशी थांबलं तर बुक्की मारू नका आणि लगेच बदलूही नका. कधीपासून दुखतंय ते विचारा. त्याच्यापर्यंत जे पोचायला हवं ते पोचतंय का, बघा. खाली वाका, उजेड धरा. पुष्कळदा ते मेलेलं नसतं. तुमच्याच सेवेत त्याचा श्वास कोंडलेला असतो, आणि मोकळं केलंत तर ते असं वाहील की तुमचा तुम्हालाच विश्वास बसणार नाही.

बरंय. अंगणात बूट वाजले, दार उघडलं. पलीकडच्या वस्तीवरून निरोप आलाय वाटतं. डॉक्टरबाई बसल्या, किल्ली फिरली आणि हात माझ्या बटणाकडे येतोय. तुम्ही मागे सरा जरा, मला वाहायचंय.